शामाचं पोट पांढरं आहे : मराठी पक्षीनामे ठरवणाऱ्यांना अनावृत पत्र

मराठी पक्षीनामांच्या याद्या करणाऱ्या, त्या तपासणाऱ्या आणि त्यांवरून पुस्तकं काढणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नव्या यादीचा मसुदा ‘हरकती व सूचना’ मागवत आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. बाजारात जाऊन तो छापून आणला, पेन्सिल घेऊन बसलो. सुरुवातीची पानं बरी गेली. गिधाडांपाशी जरा अडखळलो. वटवट्यांच्या गर्दीत नेहमीप्रमाणे वाट चुकलो, पण तिथे भलेभले चुकतात, तुम्हांला दोष नाही. मग शामा या गाणाऱ्या पक्ष्याच्या ओळीवर आलो आणि पेन्सिल तिथेच थांबली. ‘शामा. पोट तांबूस. आढळ : सह्याद्री, मध्य व ईशान्य भारत, अंदमान.’

अंदमानात तो शामा नाही. म्हणजे शामा आहे, पण तो नाही.

मुदत सात दिवसांची होती. मी चौथ्या दिवशी दोन पानी ईमेल पाठवली. उत्तर तीन ओळींचं आलं : बेटांवरचे पक्षी मराठी वाचकाच्या दृष्टीने दुय्यम आहेत, त्यांना उपजाती मानून मुख्य नावाखाली ठेवायचं ठरलं आहे, धन्यवाद. ‘दुय्यम’ हा शब्द वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. शब्द तोच होता. म्हणून आता हे चारचौघांत लिहितो आहे.

मी कोणी पक्षीशास्त्रज्ञ नव्हे. सावंतवाडीजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. शामा माझ्या ओळखीचा, कारण आंबोलीचा घाट माझ्या शाळेपासून फार लांब नव्हता. पावसाच्या तोंडावर संध्याकाळी बांबूच्या बेटात तो गायला लागला की मुलं आपोआप गप्प व्हायची. माझ्या सांगण्यावरून ती कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. काळा कुळकुळीत, लांब शेपटी, कमरेवर पांढरा ठिपका आणि पोट विटकरी-तांबूस.

अंदमानला मी पहिल्यांदा गेलो ते आपली सगळी माणसं जातात तसाच, सेल्युलर जेल बघायला. एक दिवस मोकळा होता म्हणून पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला गेलो. एप्रिल महिना. तिथे घड्याळ आपलं आणि सूर्य त्यांचा. पाच वाजायचे होते आणि चांगलं फटफटलं होतं. गाडीवाला रांचीकडून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातला. झाडीत शिट्टी वाजली आणि मी मोठ्या रुबाबात त्याला म्हटलं, ‘शामा.’ तो हसला. ‘शामा तो है सर, पर आपका वाला नहीं। ये यहाँ का है।’

दहा मिनिटांनी तो दिसला. वेलीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, शेपटी वर करून. वळला, आणि पोट पांढरं. तांबूस रंग फक्त कुशीला आणि शेपटीच्या बुडाशी उरलेला, कोणी बाकीचा पुसून टाकावा तसा. माझ्या हातातल्या मराठी पुस्तकात मात्र अंदमान हा शब्द तांबूस पोटाच्या चित्राखाली छापलेला होता. मी पुस्तक मिटलं. गाडीवाल्याने ते पाहिलं, पण काही बोलला नाही. बेटावरची माणसं पाहुण्याचा मान राखतात.

आता मुद्द्यावर येतो.

या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं ते एडवर्ड ब्लाइथमुळे. हा गृहस्थ कोलकात्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात बसून येतील ती कातडी तपासायचा. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली आणि त्या बोटींबरोबर पक्ष्यांची कातडीही कोलकात्याला येऊ लागली. ब्लाइथने या शामाला नाव दिलं ‘अल्बिव्हेंट्रिस’. अर्थ सरळ आहे : पांढऱ्या पोटाचा. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, जंगल न बघता, नुसतं वाळलेलं कातडं हातात धरून एका माणसाला जे दिसलं, ते तुमच्या रंगीत मसुद्यात नाही.

पुढे विसाव्या शतकात वारं फिरलं. जवळचे वाटणारे पक्षी एका जातीत गोळा करायचे आणि बेटांवरच्यांना उपजाती म्हणायचं, अशी रीत पडली. सिडनी डिलन रिप्ली यांच्या १९६१ च्या भारतीय यादीवर तिचीच छाप होती, आणि सालिम अलींबरोबर त्यांनी काढलेले दहा खंड आपण सगळे वाचून वाढलो. त्या रीतीला तेव्हा कारणं होती. मी तिची टवाळी करत नाही. पण २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांचे दोन खंड काढले आणि रंग, मापं, आवाज यांच्या आधाराने बेटांवरचे कितीतरी पक्षी पुन्हा वेगळे काढले. अंदमानचा शामा त्यात आहे, अंदमानचा बुलबुलही आहे. आता तर जगातल्या मोठ्या याद्या वेगवेगळ्या चुली मोडून एकत्र आल्या : जून २०२५ मध्ये ॲव्हीलिस्ट नावाची सामाईक यादी निघाली, तिच्यात ११,१३१ जाती आहेत. इतक्या भांडणांनंतर ही मंडळी एका पंगतीला बसली. आपण मात्र अजून १९६१ च्या पाटावर.

बुलबुलाचं पाहा, म्हणजे माझा त्रागा कळेल. मसुद्यात नाव आहे ‘काळ्या डोक्याचा बुलबुल (अंदमान)’. ईशान्येकडच्या बुलबुलाचं डोकं काळं तुकतुकीत असतं, त्याला ते नाव शोभतं. अंदमानच्या बुलबुलाचं खास वैशिष्ट्यच हे की त्याला तसलं काळं डोकं नाही. ते शेवाळी-हिरवट रंगात मिसळून गेलेलं असतं. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. (हेच ते काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. मुलांना हे सांगितलं की वर्ग हमखास जागा व्हायचा.) म्हणजे ज्या पक्ष्याला काळं डोकं नाही, तो तुमच्या यादीत काळ्या डोक्याचा म्हणून उभा. शाळेतल्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुणही दिला नसता.

मैनेचं दुखणं उलट्या बाजूचं. पांढऱ्या डोक्याची मैना अंदमानातही आहे आणि निकोबारातही. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘तांबड्या बुडाची’, आणि ते नाव १८४६ मध्ये पडलं ते कार निकोबारच्या पक्ष्यावरून. तिथल्या मैनेची कंबर खरंच तांबूस असते. अंदमानच्या मैनेला तो रंग नाही. तुमच्यापैकी कोणीतरी लॅटिनवरून भाषांतर केलं असावं, कारण मसुद्यात सरसकट ‘तांबड्या कमरेची मैना’ असं आलं आहे. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तारेवर बसलेली मैना बघून एखादा मराठी प्रवासी तांबडी कंबर शोधत मान मोडून घेईल.

शास्त्रीय नावांचे नियम कडक असतात, हे मला ठाऊक आहे. जे नाव आधी छापलं गेलं ते टिकतं, मग ते चुकीचं का असेना. आपला सह्याद्रीतला शामा आसामातसुद्धा ‘मलाबारिकस’च, म्हणजे मलबारचा. अंदमानच्या टकाचोर पक्ष्याच्या शास्त्रीय नावात शेवटी ‘बेलेयी’ लिहायचं की ‘बेलेई’, यावर विद्वानांच्या याद्यांत अजून दोन तऱ्हा दिसतात. ते त्यांचं त्यांना लखलाभ. मराठी नावाला असला कुठलाच नियम नाही. ते आपल्या हातात आहे, आज दुरुस्त करता येतं, कुणाच्या परवानगीची गरज नाही. म्हणूनच तिथली चूक मला जास्त खुपते.

टकाचोराचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. त्याला नाव दिलं रॉबर्ट टायटलर यांनी, १८६३ मध्ये. ते तेव्हा पोर्ट ब्लेअर वसाहतीचे मुख्य अधिकारी होते, आणि नाव कुणाचं दिलं, तर बेली नावाच्या एका सरकारी अंमलदाराचं. टायटलरांच्या पत्नीच्या नावाचा डोंगर म्हणजे माउंट हॅरिएट. २०२१ मध्ये तो माउंट मणिपूर झाला. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. डोंगर, बेट, शहर सगळ्यांची नावं फिरली. त्यावर माझं मत इथे देत नाही, पत्र भरकटेल. फक्त एवढंच : पाट्या बदलायला आपल्याकडे वेळ आहे, माणसं आहेत, रंगही आहे. पक्ष्याच्या नावासमोरची चुकीची ओळ खोडायला तुम्हांला फक्त खोडरबर लागणार आहे.

आता तो शब्द, ‘दुय्यम’. यादीत एखादा पक्षी जात म्हणून येतो की उपजात म्हणून, हा काही हौशी लोकांचा कीस काढण्याचा खेळ नाही. धोक्यातल्या पक्ष्यांची जागतिक लाल यादी जातीच्या पातळीवर होते. उपजातीला तिथे स्वतंत्र ओळ मिळत नाही. सह्याद्रीपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या शामाच्या पोटात अंदमानचा शामा घातला की आकडा मोठा दिसतो, चिंता नाही असं वाटतं, आणि बेटावर काय चाललं आहे ते त्या आकड्याखाली गुडुप होतं. ज्याचं सगळं जग चार बेटांवर मावतं, त्याला खंडभर पसरलेल्या भावाच्या हिशेबात धरणं म्हणजे गावातल्या शेवटच्या विहिरीचं पाणी धरणाच्या साठ्यात मोजणं.

आणि हे सगळं आजच महत्त्वाचं का, तर ग्रेट निकोबार बेट. तिथल्या बंदर, विमानतळ, नगर आणि वीजकेंद्राच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. १३० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल त्यासाठी वळवलं जाणार आहे. निकोबारचा जंगली माशीमार हा पक्षी फक्त ग्रेट आणि लिटल निकोबारमध्ये आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही. एकेकाळी त्यालाही चीनमध्ये वीण घालणाऱ्या एका माशीमाराची उपजात म्हणत. १९०२ च्या सुमारास चार्ल्स रिचमंड यांनी अमेरिकेत बसून त्याला नाव दिलं, डॉ. ॲबट यांनी बोटीतून पाठवलेल्या कातड्यांवरून. तुमच्या मसुद्यात तो कुठे आहे, मी शोधला. तळटीपेत आहे. तळटीपेतल्या पक्ष्यासाठी कोण हरकत घेणार? वर्तमानपत्रातला बातमीदारसुद्धा तळटीप वाचत नाही.

पण माझी खरी तक्रार याहून जुनी आहे, आणि ती तुमच्याएवढीच माझ्यावरही आहे. आपण असं बोलतो की जणू ब्लाइथ, ह्यूम, टायटलर यांच्याआधी हे पक्षी बिननावाचे उडत होते. अंदमानच्या मूळ लोकांकडे नावं होती. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषा शेवटच्या काही बोलणाऱ्यांकडून लिहून घेतल्या. आपल्या पुण्याचे डॉ. सतीश पांडे त्यांच्याबरोबर होते, आणि दोघांनी मिळून २०११ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांची पक्षीनामं आणि त्यांचं वर्गीकरण यांवर पुस्तक काढलं. म्हणजे हे काम, एका मराठी माणसाच्या हातभाराने, कधीच होऊन गेलं आहे. तुमच्या मसुद्याच्या एकाही ओळीत त्याची खूण दिसत नाही.

त्यांना माहिती सांगणाऱ्यांमध्ये बोआ सीनियर होत्या. बो भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. जानेवारी २०१० मध्ये त्या गेल्या आणि भाषा गेली. शेवटची काही वर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कोणी माणूस नव्हतं, म्हणून त्या पक्ष्यांशी बोलत. त्यांच्या लोकांची अशी समजूत की पक्षी हे आपले पूर्वज आहेत, त्यांना ही भाषा समजते. हे वाचलं त्या दिवशी मी चिडिया टापूचं माझं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. का लावलं ते मला नीट सांगता येणार नाही.

मला कोणी म्हणेल की ग्रेट अंदमानी नावं मराठीत कुठून रुळणार? दक्षिणेकडे बघा. पश्चिम घाटाच्या उंच शोला जंगलांतले गाणारे पक्षी डोंगरमाथ्यांवर अडकलेले, म्हणजे एका अर्थाने तेही बेटांवरचेच. २०१७ मध्ये त्यांच्या दोन नव्या प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) ठरल्या तेव्हा त्यांची इंग्रजी नावंसुद्धा तिथल्या बोलीतून सुचवली गेली : शोलाकिळी आणि चिलप्पन. आज अमेरिकेतला पक्षीनिरीक्षक यादीत ‘शोलाकिळी’ लिहितो. त्याची जीभ वळते, मग आपली का नाही वळणार? ‘टकाचोर’ हा शब्द आपल्याकडे कुठल्या समितीने बसवला होता? कुणीतरी तो पक्षी पाहिला, त्याची लबाडी पाहिली आणि बोलून गेला.

(जाता जाता : ‘प्रजाती’ म्हणजे काय, ते एकदा ठरवा. पाठ्यपुस्तकात ती जीनस आहे, वर्तमानपत्रात ती स्पीशीज आहे, आणि तुमच्या मसुद्यात पान १२ वर एक आणि पान ३० वर दुसरी. मी शिकवत होतो तेव्हा मुलं विचारायची, आणि मी फळा पुसायला वळायचो.)

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

अंदमान आणि निकोबारच्या ज्या पक्ष्यांना आजच्या जागतिक यादीत स्वतंत्र जात म्हणून जागा आहे, त्यांना मराठी यादीतही स्वतंत्र ओळ द्या. तळटीप नको, कंस नको. अंदमानी शामा, अंदमानी बुलबुल, अंदमानी टकाचोर, अंदमानी फुलटोच्या, निकोबारी बुलबुल ही नावं तात्पुरती म्हणून मला चालतील.

ज्या नावाने पक्ष्याचं चुकीचं वर्णन होतं, ते नाव काढून टाका, मग ते लॅटिनचं कितीही अचूक भाषांतर असो. आणि चित्र छापाल ते त्याच बेटावरच्या पक्ष्याचं छापा. आमच्याकडच्या एका प्रदर्शनात ‘अंदमानचा शामा’ अशा पाटीखाली तांबूस पोटाचा पक्षी लावला होता. मी आयोजकांना सांगितलं, ते म्हणाले, ‘सर, लोकांना काय कळतंय?’ लोकांना कळत नाही कारण आपण त्यांना दाखवत नाही.

स्थानिक नावं विचारा. ग्रेट अंदमानी नावं पुस्तकात आहेत, ती पानं उघडा. निकोबारी लोक तर आजही आपल्या भाषेत बोलतात आणि त्यांच्याकडे फोनही आहेत. नाव घेतलंत तर कुणाकडून घेतलं ते त्यांच्या परवानगीने लिहा. मसुदा बेटांवर पाठवा, हिंदीत पाठवा, आणि सात दिवस नको, किमान सहा महिने द्या. तिथे पावसाळ्यात बोट चार चार दिवस सुटत नाही.

आणि जे अजून ठरलेलं नाही, ते ठरलेलं नाही असं लिहा. बेटांवरचा चष्मेवाला पक्षी आज उपजात म्हणून आपल्या चष्मेवाल्यात आहे. उद्या काय ठरेल ते मला सांगता येत नाही, तुम्हांलाही नाही. एक शब्द पुरेल : ‘अनिर्णित’. निकोबारच्या नवरंग पक्ष्याला काही याद्यांनी वेगळं केलं आहे, तेही तसंच नोंदवा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात या बेटांवरचे नमुने आहेत. हुमायून अब्दुलअलींनी १९६० च्या दशकात तिथे जाऊन काम केलं, त्यावर लिहिलं. ह्यूमांचे नमुने बघायला समुद्र ओलांडावा लागेल, हे बघायला सीएसएमटीपर्यंतची लोकल पुरते. समितीतल्या एकाने तरी यादी छापण्याआधी ते खण उघडून घ्यावेत, ही विनंती आहे. शामाचं कातडं उताणं ठेवलेलं असतं, त्यामुळे पोट पहिलं दिसतं.

माझ्याकडे चिडिया टापूच्या शामाचं ध्वनिमुद्रण आहे, साध्या मोबाइलवरचं. मला त्याचं गाणं आंबोलीच्या शामापेक्षा तुटक वाटलं, पण माझ्या कानावर विसंबू नका, जाणकाराला ऐकवा. एकूण २ मिनिटं ४० सेकंद. मध्ये गाडीवाल्याची शिंक आहे आणि शेवटी त्याचा आवाज, ‘देखा सर?’ फाइल तुमच्या ईमेलवर पुन्हा पाठवतो आहे. पहिल्या वेळी ती ‘आकार मोठा’ म्हणून परत आली होती.

उत्तराची वाट पाहतो. तीन ओळींचं असलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
सावंतवाडी